हवाई मार्ग आणि शेजाऱ्याचा फोन

महोदय,

पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली. तेव्हापासून दिल्लीहून पश्चिमेला निघालेली आपली विमाने गुजरातकडे खाली येतात आणि अरबी समुद्र ओलांडून ओमानच्या बाजूला जातात. 'समुद्र तर मोकळाच आहे, सरळ नवे मार्ग आखून टाका' असे मत अनेकांकडून ऐकू येते. मुंबईच्या हवाई वाहतूक नियंत्रण कक्षात मी एकोणतीस वर्षे नोकरी केली. हे वाटते तितके सोपे नाही, एवढे सांगण्यासाठी हे पत्र.

किनाऱ्यापासून दोन-अडीचशे सागरी मैलांपुढे रडार पोचत नाही. आमच्या वेळी वैमानिकाचा आवाज रेडिओच्या खरखरीतून यायचा आणि प्रत्येक विमानाची एक कागदी पट्टी समोर असायची. समुद्रावर 'रास्की' नावाचा एक बिंदू आहे. तिथे मुंबईची जबाबदारी संपते, मस्कतची सुरू होते. विमान रास्कीला किती वाजता, किती उंचीवर येणार हे मस्कतच्या नियंत्रकाला फोनवर सांगायचे, त्याने ते परत म्हणून दाखवायचे, मगच पट्टीवर खूण करायची. खूण नसलेली पट्टी दिसली की माझ्या पोटात गोळा यायचा. आपण आपल्या बाजूला कितीही सरळ रेघ ओढली, तरी पलीकडचा मार्ग दुसऱ्याच बिंदूपासून निघत असेल तर विमानाला हद्दीवर वळावेच लागते.

युरोपने हे फार महागात शिकले. १ जुलै २००२ च्या रात्री दक्षिण जर्मनीतल्या युबरलिंगेनवर दोन विमाने आदळली, ७१ जण गेले, त्यांत बहुतेक शाळकरी मुले. तो आकाशाचा तुकडा जर्मनीचा, पण सांभाळत होते स्वित्झर्लंडमधल्या झुरिकहून. कारणे अनेक होती. मला मात्र एकच विसरता येत नाही. कार्ल्सरूहच्या जर्मन नियंत्रकाला पडद्यावर धोका दिसत होता, तो झुरिकला फोन लावत होता आणि दुरुस्तीच्या कामामुळे फोन लागत नव्हता. त्याच युरोपात बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग आणि वायव्य जर्मनी यांचे साडेचोवीस हजार फुटांच्या वरचे आकाश मास्ट्रिख्टजवळच्या एकाच कक्षातून सांभाळले जाते. तिथे शेजाऱ्याला फोन लावावा लागत नाही, तो पलीकडच्याच खुर्चीत असतो.

शेजाऱ्यांबरोबर असे मिळून काम आपल्याकडे होणार नाही, असे कोणी म्हणेल. झालेले आहे. २९,००० ते ४१,००० फुटांच्या पट्ट्यात पूर्वी दोन विमानांमध्ये २,००० फुटांचे उभे अंतर ठेवावे लागे. २७ नोव्हेंबर २००३ रोजी ते १,००० फुटांवर आले, सातच्या जागी तेरा थर मिळाले. हा बदल भारत, पाकिस्तान आणि आखाती देशांनी एकाच दिवशी केला. एकट्याने करून चाललेच नसते, हद्दीवर विमाने नको त्या उंचीवर समोरासमोर आली असती. आणि त्या वेळी भारत-पाकिस्तानने एकमेकांच्या विमानांना हद्द बंदच ठेवलेली होती, २००२ च्या जानेवारीपासून! आदल्या दिवशी ईद होती. त्या दिवशी मी ड्यूटीवर होते. कराचीच्या नियंत्रकाने आकडे परत म्हणून दाखवले, मी त्याला ईदच्या शुभेच्छा दिल्या, तो 'शुक्रिया' म्हणाला आणि आम्ही पुढच्या विमानाकडे वळलो.

आजही इतर देशांची विमाने दोन्ही हद्दींतून जातात, तेव्हा हा फोन वाजतोच. दोन्ही सरकारांनी हद्द बंद ठेवायची की उघडायची, हा त्यांचा निर्णय. पण अरबी समुद्रावरच्या मार्गांची नवी आखणी करायची असेल तर मस्कत, कराची, माले, सेशेल्स आणि मोगादिशूच्या नियंत्रकांना एका टेबलाशी बसवूनच करावी. आणि त्या बैठकीला आपल्या बाजूने अधिकाऱ्यांबरोबर, रात्रपाळीला कानाला हेडफोन लावून बसणारे दोघे-तिघे तरी पाठवावेत, अशी नागरी विमान वाहतूक मंत्रालयाला माझी कळकळीची विनंती आहे.

– एक निवृत्त हवाई वाहतूक नियंत्रक, विलेपार्ले (पूर्व), मुंबई