मोबाइल काढून घेण्याची भीती

महोदय,

मुलांच्या मोबाइलबद्दल बोलणे निघाले की आम्ही पालक एकच उपाय सांगतो, काढून घ्या. मीही तेच सांगत असे. गेल्या पावसाळ्यापासून सांगत नाही.

माझी मुलगी आठवीत आहे. एका अ‍ॅपवर तिची एका ‘मुली’शी ओळख झाली. तीही आठवीतली, पुण्यातलीच, तिलाही कथक आवडणारे. महिनाभर गृहपाठ, मैत्रिणींची भांडणे, सगळ्यावर गप्पा झाल्या. मग फोटो मागितले गेले आणि नको तो एक फोटो हाती पडताच पलीकडची भाषा बदलली. अजून पाठव, नाहीतर हा शाळेच्या ग्रुपवर जाईल. सोबत आणखी एक वाक्य होते: ‘आईला सांगितलंस तर आधी तुझाच मोबाइल जाईल.’

अकरा दिवस पोर हे एकटी सोसत होती. त्या अकरा दिवसांत मी रोज तिचा डबा भरला, शेजारी बसून जेवले, अर्धे ताट टाकून उठते म्हणून रागावलेही. शेवटी तिने सांगितले ते माझ्या सासूबाईंना. आजीलाच का, असे नंतर विचारले तर म्हणाली, “आजी मोबाइल काढून घेत नाही.”

त्या माणसाला आमचे घर माहीत नव्हते, पण घरातला नियम बरोबर माहीत होता. त्याच्या धमकीचे निम्मे बळ आम्हीच पुरवले होते.

दुसरी चूकही माझीच. बहुतेक समाजमाध्यमांवर खाते उघडायला किमान १३ वर्षे वय लागते. मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती आणि वर्गातल्या सगळ्यांचे खाते आहे म्हणून हट्ट धरून बसली होती. जन्मसाल मीच मागचे टाकले. त्यामुळे ते अ‍ॅप तिला सज्ञान समजत राहिले. लहान वयाच्या खात्यांना अनोळखी माणसांच्या संदेशांपासून जे संरक्षण मिळते, ते तिला मिळालेच नाही. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना अशा माध्यमांवर खाती ठेवता येत नाहीत. आपल्याकडेही तसा कायदा हवा, असे अनेकांना वाटते. आपल्या २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती सांगितलीच आहे. पण ती संमती देणार कोण? मीच ना, जिने जन्मसाल खोटे टाकले.

फोटोचे कळले तेव्हा यजमान सगळे चॅट पुसून टाकायला निघाले होते. ओळखीच्या एका वकीलताईंनी वेळीच थांबवले. संदेश, खात्याचे नाव, तारखा हाच पुरावा असतो. आधी स्क्रीनशॉट घ्यायचे, मग ब्लॉक करायचे. पैसे मागितले तरी द्यायचे नाहीत, कारण एकदा दिले की मागणी वाढते. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर करता येते. पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करावा. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन चोवीस तास चालू असते. अठरा वर्षांखालच्या मुलामुलींचे असे फोटो इंटरनेटवर पसरू नयेत म्हणून ‘टेक इट डाउन’ नावाची मोफत सेवा आहे. तिथे फोटो पाठवावा लागत नाही. त्याचा एक सांकेतिक ठसा आपल्याच फोनवर तयार होतो आणि तेवढाच सहभागी कंपन्यांकडे जातो.

पोलिसांत जायला मात्र मी दोन दिवस कचरले. लेकीला चौकीत बसवून चार लोकांसमोर विचारतील, अशी भीती होती. वकीलताईंनी मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांविरुद्धचा २०१२ चा पोक्सो कायदा समजावून सांगितला. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा तो म्हणेल तिथे घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि जबाब घेणाऱ्याने गणवेशात नसायचे. ओळख जाहीर करायलाही मनाई आहे. हा कायदा मुलगा आणि मुलगी दोघांनाही सारखाच लागू आहे. मुलग्यांच्या पालकांनी हे आवर्जून लक्षात ठेवावे, मुलगे तर आजीलाही सांगत नाहीत.

आता आमच्या घरी शब्द दिलेला आहे, काहीही घडले तरी सांगितल्याबद्दल मोबाइल जाणार नाही. रात्री नऊनंतर सगळ्यांचे फोन दिवाणखान्यातल्या फडताळात जातात, आमचेही. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा होतो आणि दीड तास टीव्ही, मोबाइल बंद राहतात. थोरांचेही बंद होतात, हे मला त्यातले महत्त्वाचे वाटते.

शाळांना एक विनंती. रोजनिशीच्या पहिल्या पानावर फीच्या तारखा आणि बसकाकांचा नंबर असतो. तिथेच १०९८ आणि १९३० हे दोन आकडे छापावेत, आणि पहिल्या पालकसभेत ते कशासाठी आहेत हे मुलांना शेजारी बसवून सांगावे.

एक आई, कोथरूड, पुणे
(मुलीची ओळख उघड होऊ नये म्हणून नाव दिलेले नाही.)