बाबालाही बसायला खुर्ची द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नवजात शिशू विभागात परिचारिका म्हणून नोकरी करून मी निवृत्त झाले. तिथे बाळांचे वडील मला बहुधा काचेपलीकडेच दिसत. हातात औषधांची पिशवी आणि चेहऱ्यावर ‘आता काय आणू?’ एवढाच प्रश्न. त्यांना आत बोलवावं, असं क्वचितच कुणाला सुचे. म्हणून आमच्या जावयांबद्दल लिहावंसं वाटलं. घरच्या माणसाचं चारचौघांत कौतुक करू नये म्हणतात, पण सासूनं केलेलं खपून जावं.

मुलीचा रक्तदाब फार वाढला आणि धाकट्या नातवाला बत्तिसाव्या आठवड्यातच सिझेरियन करून बाहेर काढावं लागलं. वजन १६०० ग्रॅम. बाळ जरा स्थिरावल्यावर डॉक्टरांनी कांगारू पद्धत, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब देणं, सुचवली, पण मुलगी अजून उठू शकत नव्हती. जावई म्हणाले, “ती उठेपर्यंत मी बसतो.”

ही पद्धत १९७८ च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली, इन्क्युबेटर पुरत नव्हते म्हणून. बाळाला फक्त टोपी आणि लंगोट. उघड्या छातीवर त्याला उभं धरायचं, मान एका बाजूला, हनुवटी किंचित वर. नाहीतर श्वासाची वाट दबते. दूध आईचंच लागतं, पण ऊब बापाची चालते. जागतिक आरोग्य संघटना आता सांगते की अशा बाळांना दिवसाचे आठ ते चोवीस तास असं धरावं. आठ तास म्हणजे आमची एक अख्खी पाळी! नुकतंच पोट शिवलेल्या बाईनं ती एकटीनं कशी काढावी?

जावयांनी ती पाठ नसलेल्या स्टुलावर काढली. मोबाइल बाहेर ठेवून, नखं कापून, हलायचं नाही म्हणून पाणीसुद्धा बेतानं पिऊन. कचेरीतून मिळालेली रजा लगेच संपली. मग दिवसा काम आणि रात्री बाळ.

पण मला त्याहून जास्त भावलं ते वेगळंच. बाळापासून उठले की ते थेट बायकोच्या खाटेशी जात आणि सगळं सांगत: नळीतून किती मिली दूध गेलं, शी-शू कधी झाली, वजन किती ग्रॅमनं घटलं. हो, घटलेलंही सांगत. “सगळं ठीक आहे” या उत्तरानं बाळंतीण जास्त घाबरते, हे मी नोकरीभर पाहिलंय. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. तिनं काढून दिलेल्या दुधाच्या बाटल्यांवर तारीख-वेळ लिहिण्याचं कामही त्यांनीच घेतलं.

घरी आल्यावर ते ओसरलं नाही. कमी दिवसांच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा महिन्याच्या आत तपासावा लागतो. ती तारीख आम्हा बायकांच्या आधी त्यांना आठवली. लसींचं कार्ड त्यांच्याच बॅगेत असतं. थोरलीच्या वेण्या मात्र अजून वाकड्याच येतात.

लोक म्हणतात, असा नवरा नशिबानं मिळतो. नशीब असेल, पण सोयही हवी. नॉर्वेनं १९९३ मध्ये चार आठवड्यांची रजा फक्त वडिलांसाठी राखून ठेवली. त्यांनी घेतली नाही तर ती बुडायची. त्याआधी रजा घेणारे बाप मोजके होते, नंतर काही वर्षांतच बहुतेक जण घेऊ लागले. एवढे सगळे बाप एकाएकी प्रेमळ झाले, असं मला तरी वाटत नाही.

कायदा व्हायचा तेव्हा होवो. रुग्णालयांनी दोन गोष्टी उद्याच कराव्यात. बाळाच्या बापाची गणना भेटीला येणाऱ्यांत करू नये. आणि नवजात विभागात हात टेकायला जागा असलेली, थोडी मागे कलणारी खुर्ची ठेवावी. कांगारू पद्धतीत ताठ बसून चालत नाही, मागे रेलूनच बसावं लागतं. स्टूल इंजेक्शनच्या ट्रेसाठी ठीक आहे.

आपली,
एक निवृत्त परिचारिका