लुसीबाईची चौकट अर्धीच छापलीत

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत शेवटच्या पानावर, राशिभविष्याच्या बरोबर वर, तुम्ही ल्युसिल बॉल ह्या अमेरिकन नटीवर एक चौकट छापली होती. लाल केसांची विनोदी नटी, तोंडं वेडीवाकडी करून सगळ्या अमेरिकेला हसवलं, दोन लग्नं, पहिल्या नवऱ्याशी घटस्फोट, १९८९ ला निधन. संपलं. बारा ओळी, मी मोजल्या, कारण लग्नसराई संपली की दुपारी माझ्या दुकानात गिऱ्हाईक नसतं आणि पेपर दोनदा वाचून होतो. आता तुम्ही म्हणाल अमळनेरच्या ब्लाउज शिवणाऱ्या बाईला ल्युसिल बॉलचं काय पडलंय, तर पडलंय, म्हणूनच लिहितेय, थोडं लांबेल, कापायचं तर कापा पण मधलं पगाराचं तेवढं कापू नका.

माझी मुलगी पुण्याला कंपनीत आहे. दिवाळीला आली की माझ्या मोबाईलमध्ये काही ना काही टाकून जाते. तीन वर्षांपूर्वी तिनं एक जुनी काळी-पांढरी क्लिप दाखवली, म्हणाली आई हे बघ, ही तूच आहेस. ‘आय लव्ह लुसी’ नावाची सिरियल, त्यातली लुसी म्हणजे हीच ल्युसिल बॉल, त्यातला १९५२ चा एपिसोड. लुसी आणि तिची शेजारीण चॉकलेटच्या कारखान्यात कामाला लागतात, समोर पट्टा चालू, पट्ट्यावरून चॉकलेटं येणार, प्रत्येकाला कागद गुंडाळून पुढे सोडायचं, एकही सुटलं तर काम गेलं. आधी पट्टा हळू असतो तोवर दोघी ऐटीत. मग तो वाढतो. मग काय, तोंडात कोंब, टोपीत कोंब, ब्लाउजमध्ये कोंब, गाल फुगलेले, डोळे बाहेर, आणि तेवढ्यात मुकादमीण येते, पट्ट्यावर एकही चॉकलेट उरलेलं नाही हे बघून खूष होते आणि आत ओरडून सांगते की पट्टा अजून जोरात सोडा!

साहेब, मी नऊ वर्षं जळगावला दालमिलमध्ये पट्ट्यावर बसलेय. सकाळची सुरत-भुसावळ पॅसेंजर पकडायची, डब्यात कळण्याची भाकरी नि ठेचा, तोंडाला रुमाल, समोरून तूरडाळ वाहतेय आणि आपण खडा, काळा दाणा, साल वेचतोय. मालक येणार असला की आमचा मुकादम पट्टा वाढवायचा, म्हणजे काम जोरात चाललंय असं दिसावं. खडे सुटायचे, मग आम्ही काय करायचो, सगळी मूठच उचलून मांडीवरच्या ओच्यात टाकायचो, चांगली डाळ खड्यासकट, आणि तो गेला की गुपचूप परत पट्ट्यावर. लुसीनं टोपीत कोंबलं, आम्ही ओच्यात. पुढे डाळ आपोआप निवडणारं सॉर्टेक्स मशीन आलं आणि आम्ही सगळ्या घरी आलो. ती क्लिप मी माझ्या तेव्हाच्या एका जोडीदारणीला दाखवली तर ती पोट धरून हसली आणि म्हणाली, व माय, हाई ते आपलीच बाई शे!

तर अशी माझी तिची ओळख. मग मुलीकडून जमेल तेवढं काढून घेतलं. १९११ चा जन्म, न्यूयॉर्क राज्यातलं जेम्सटाउन गाव. वडील टेलिफोनच्या तारांवर काम करणारे, ही साडेतीन वर्षांची असताना टायफॉइडनं गेले. शाळकरी वयात न्यूयॉर्कला नाटकाच्या शाळेत घातलं तर तिथल्या मास्तरांनी घरी कळवलं की पोरीत काही दम नाही, पैसे वाया घालवू नका. मग मॉडेलिंग, मग हॉलिवूडला मागच्या रांगेत उभं राहायचं काम, मग आरकेओ स्टुडिओत पगारी नटी. वीसेक वर्षं सिनेमे केले, नाव झालं पण पहिल्या नंबरला कधी गेली नाही, लोक तिला बी ग्रेड सिनेमांची राणी म्हणायचे. केस मूळचे तपकिरी, लाल रंगवले ते सिनेमासाठी. आणि गंमत बघा, जिच्या लाल केसांवर तुमच्या चौकटीची पहिली ओळ गेली तिची ती सगळी सिरियल काळी-पांढरी, लाल कुणाला दिसत होतं!

आता तुम्ही जे गाळलंत ते. १९५० च्या सुमाराला सीबीएस ह्या रेडिओ-टीव्हीच्या कंपनीला तिच्या एका रेडिओ कार्यक्रमाची टीव्ही सिरियल करायची होती. ती म्हणाली माझा नवरा म्हणून माझा खरा नवराच पाहिजे. नवरा देसी अर्नाझ, क्युबातून आलेला बँडवाला, उच्चार तिकडचे. कंपनी म्हणे अमेरिकन बाईचा असला नवरा लोकांना पटणार नाही. ह्या दोघांनी काय केलं, स्वतःचा कार्यक्रम बसवून गावोगाव फिरले, अगदी आपल्याकडे तमाशाचा फड यात्रा करतो तसं, आणि लोक हसले, टाळ्या पडल्या, मग कंपनीला पटलं.

दुसरं भांडण त्याहून मोठं. तेव्हा अमेरिकेत बऱ्याच सिरियल न्यूयॉर्कहून लाईव्ह व्हायच्या. रेकॉर्ड ठेवायचं तर टीव्हीच्या काचेसमोर कॅमेरा लावून त्यावरूनच शूटिंग घ्यायचे, त्यामुळे दुसऱ्या टोकाच्या लोकांना सगळं धुरकट दिसायचं. ह्या दोघांना लॉस एंजेलिस सोडायचं नव्हतं. म्हणून त्यांनी म्हटलं आम्ही सिनेमासारखं ३५ एमएम फिल्मवर करतो, तीन कॅमेरे एकदम चालू, समोर खरे प्रेक्षक बसलेले, हसणं खरं. कॅमेऱ्याला माणूस आणला तो कार्ल फ्रॉइंड, जर्मनीत मूकपटांच्या काळात नाव कमावलेला. पण ह्याला खर्च जास्त. कंपनी नि सिगारेटवाला प्रायोजक म्हणाले आम्ही एवढे देणार नाही. तेव्हा नवरा-बायको म्हणाले ठीक आहे, आमच्या पगारातून आठवड्याला हजार डॉलर कापा, पण एकदा दाखवून झालं की त्या फिल्मची मालकी आमची, म्हणजे त्यांच्या देसिलू कंपनीची. समोरचे लगेच हो म्हणाले. एकदा बघितलेली सिरियल परत कोण बघणार, असंच तेव्हा सगळ्यांना वाटायचं ना.

(हे डोकं बरंचसं देसीचं होतं हेही लिहायला पाहिजे, सगळं श्रेय बाईला देऊन मोकळं व्हायला मी काही महिला दिनाचं भाषण लिहीत नाहीये.)

१५ ऑक्टोबर १९५१ ला पहिला भाग लागला आणि सहा वर्षांत १८० भाग झाले. मधे ती गरोदर राहिली तर तेही सिरियलीत घेतलं, पण ‘गरोदर’ हा शब्द टीव्हीवर म्हणायला बंदी, आणि स्क्रिप्ट आधी पाद्री, धर्मगुरू ह्यांच्याकडून तपासून आणायची. १९ जानेवारी १९५३ ला सिरियलीत बाळ झालं त्याच दिवशी तिला खरोखर मुलगा झाला, सिझेरियननं. ४ कोटी ४० लाख लोकांनी तो भाग बघितला. दुसऱ्या दिवशी आयसेनहॉवरचा राष्ट्राध्यक्ष म्हणून शपथविधी होता, त्याला त्याहून कितीतरी कमी. त्याच वर्षी तिच्यावर कम्युनिस्ट असल्याचं बालंट आलं, आजोबांच्या समाधानासाठी १९३६ ला मतदार नोंदणीत तसं लिहिलं होतं म्हणून, त्यातून ती निभावली, तो विषय इथे सोडते.

आणि मग एकदा बघितलेले भाग लोकांनी परत बघितले. परत परत बघितले. ते हक्क पुढे सीबीएसनेच पन्नासेक लाख डॉलर मोजून विकत घेतले, म्हणजे जे आधी त्यांनी हसत सोडून दिलं होतं तेच. तिनंही शेवटी विकलेच, मान्य, पण विकायला हातात काहीतरी होतं तर. १९५७ ला ह्या दोघांनी आरकेओचे स्टुडिओ विकत घेतले, जिथे ती कधीकाळी पगारी नटी होती तेच. १९६० ला घटस्फोट झाला, तुमच्या चौकटीत आहे तो, पण १९६२ ला तिनं नवऱ्याचा हिस्सा विकत घेऊन एकटीनं तो सगळा कारखाना चालवला हे नाही. एवढा मोठा टीव्ही स्टुडिओ चालवणारी तिकडची पहिली बाई. ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळातली गाजलेली सिरियल तिच्याच कंपनीतून निघाली. १९६७ ला तिनं कंपनी १ कोटी ७० लाख डॉलरला विकली. म्हातारपणी १९८६ ला परत एक सिरियल केली ती सपशेल पडली, लवकरच बंद झाली. तेही छापा हवं तर.

कुणी म्हणेल आपल्याकडे शिरपूरच्या घराण्यातली स्मिता पाटील असताना ही परदेशी कशाला. मला तर आपल्या आसोद्याच्या बहिणाबाई आठवल्या. त्या वारल्या ३ डिसेंबर १९५१ ला, म्हणजे लुसी सुरू होऊन दोन महिनेही झाले नव्हते. त्यांना लिहिता येत नव्हतं, घरच्यांनी वहीत उतरवून ठेवलं म्हणून सोपानदेवांना अत्र्यांपुढे ठेवायला काहीतरी होतं आणि १९५२ ला पुस्तक निघालं. किती जणींचं जात्यावरच राहिलं असेल.

पण खरं कारण घरातलं आहे. माझ्या बहिणीची मुलगी नाचायला चांगली, अहिराणी गाण्याच्या एका व्हिडिओत तिनं काम केलं. चोपड्याकडे केळीच्या मळ्यात एक दिवस शूटिंग, सकाळी सहा ते अंधार पडेपर्यंत, दीड हजार रुपये आणि साडी. साडी संध्याकाळी परत मागितली. निघताना शंभराच्या स्टॅम्पपेपरवर सही घेतली, इंग्रजीत होतं, कॉपी दिली नाही. आज ते गाणं हळदीत वाजतंच वाजतं, डीजेवाला दोनदा लावतो, मालेगावपासून सुरतपर्यंत लोक तिला ओळखतात, लाखांनी व्ह्यूज आहेत. एका हळदीत ती स्वतःच्याच गाण्यावर नाचली आणि कुणीतरी तिच्यावरून दहाची नोट ओवाळली, ती तिची त्या गाण्यातली दुसरी कमाई. ती पण ढोलवाल्यानं उचलली.

म्हणून म्हटलं, तोंडं वेडीवाकडी करणं आमच्या पोरींना येतंच हो, ते शिकायला अमेरिकेला जायची गरज नाही. आठवड्याला हजार डॉलर सोडले आणि फिल्म ठेवली, ही एक ओळ तुमच्या बारा ओळींत बसली असती, राशिभविष्य थोडं खाली सरकवायचं.

मागच्या महिन्यात त्याच लोकांचा फोन आला होता, दुसऱ्या गाण्यासाठी, ह्या वेळी तीन हजार देतो म्हणाले. मी शेजारीच बसून काजं करत होते. भाचीनं विचारलं, दादा, पैसे दोन हजारच द्या पण व्हिडिओत माझा हिस्सा लिहून द्याल का, आणि कागद मराठीत पाहिजे. तो म्हणाला विचारून सांगतो. अजून फोन आलेला नाही.

आपली एक वाचक,
अमळनेर, जि. जळगाव