हॉप्सची पारख शिकवणाऱ्या काकांना

प्रिय काका,
सा. न. वि. वि.

सिएटलमध्ये घरी बिअर करणाऱ्या आम्हा मराठी मंडळींकडून हे जाहीर आभार. तुम्ही समोरासमोर आभार मानूच देत नाही, म्हणून पत्र.

हॉप्स म्हणजे बिअरला कडूपणा आणि सुगंध देणारी फुलं. त्यांच्या पाकिटावरचा अल्फाचा (अल्फा आम्लांचा) आकडा कडूपणाचा असतो, वासाचा नाही, हे तुम्ही पहिल्यांदा डोक्यात भरवलंत. साझ जातीच्या हॉप्समध्ये तीन-चार टक्के, सिट्रा जातीत बारा-तेरा. म्हणून सिट्रा काही तिप्पट सुगंधी होत नाही. वासासाठी दळून-दाबून केलेली हॉपची एक गोळी तळहातावर चुरडायची, तळवे गरम होईपर्यंत चोळायचे आणि नाकाशी न्यायचे. कॅस्केड जातीला पपनसाच्या सालीचा वास यायला हवा. जुन्या चीजचा किंवा घामट मोज्यांचा आला, तर पाकीट परत.

तासभर उकळलेल्या हॉप्सचा वास बिअरमध्ये कमी आणि शेजाऱ्यांकडे जास्त पोचतो, कारण मायर्सीनसारखी तेलं वाफेबरोबर उडून जातात. कोथिंबीर कशी भाजी उतरवल्यावर घालतात, तसंच हे. १९ लिटरसाठी आच बंद करून वर्ट (आंबवण्याआधीचं माल्टचं गोड पाणी) ८० अंशांच्या खाली आणायचं, ५० ग्रॅम हॉप्स टाकायचे, झाकण ठेवून २० मिनिटं थांबायचं आणि मग झटपट गार करायचं. वर्ट त्याहून गरम राहिलं, तर अल्फा आम्लं बदलत राहतात आणि नको तेवढा कडूपणा चढतो.

ड्राय हॉपिंगला, म्हणजे न उकळता थेट बिअरमध्ये हॉप्स टाकायला, ६० ते ८० ग्रॅम, तेही दोन-तीन दिवसच. आठवडाभर ठेवले की ओल्या गवताची चव उतरते. गॅस भरलेल्या बिअरमध्ये गोळ्या ओतल्या, तर फेसाचं कारंजं थेट छताला!

सगळ्यात मोलाचा सल्ला मात्र बाटल्या भरण्याआधीचा. हॉप्समधली एन्झाइम्स बिअरमधल्या न आंबणाऱ्या डेक्स्ट्रिनांची (लांब साखळीच्या कर्बोदकांची) साखर करतात, आणि शांत झालेलं यीस्ट पुन्हा कामाला लागतं. बाटल्या फुटतात त्या यामुळे, आणि लोण्याचा वास येतो तोही यामुळेच. म्हणून हॉप्स टाकल्यावरही हायड्रोमीटरचा (बिअरची घनता मोजायच्या उपकरणाचा) आकडा दोन-तीन दिवस स्थिर हवा. वर तुमची ती परीक्षा: दोन ग्लासांत नमुना घ्यायचा, एक झाकून ६० अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवायचा, गार करून दोन्ही हुंगायचे. गरम केलेल्याला लोण्याचा वास आला, तर त्या वासाच्या घटकाचं बिनवासाचं पूर्वरूप बिअरमध्ये अजून शिल्लक आहे; यीस्टला आणखी दोन-तीन दिवस द्यायचे. इतकी स्वस्त तपासणी असताना लोक घाई का करतात, कळत नाही.

बाटलीत नळी तळापर्यंत न्या, वरून ओतू नका, हेही तुमचंच. हवा लागली की सोनेरी बिअर काही आठवड्यांत काळपट होते आणि सुगंध आधी जातो.

याकिमा खोऱ्यातल्या हॉप्सच्या नव्या हंगामाचं पहिलं पाकीट तुमचं. हवा काढलेल्या फॉइलमध्ये, उणे १८ अंशांवर ठेवू. चुरडून बघायला मात्र तुम्हीच या.

तुमचे,
सिएटलचे बिअरवाले