फेरो, तुली, लातुम: फादरना एक जाहीर पत्र

आदरणीय फादर,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र चारचौघांत लिहितेय, ते तुम्हाला फारसं रुचणार नाही, ठाऊक आहे. पण आभाराचा विषय काढला की तुम्ही चहा पुढे करता आणि पावसापाण्याचं बोलायला लागता. शिवाय हौसेनं लॅटिन शिकायला बसणारे आपल्याकडेही असतात, आणि त्यातले बरेचजण फेर्रे या क्रियापदापाशी आले की वही मिटतात. तुम्ही मला तिथून पुढे कसं नेलंत, ते त्यांनाही कळू दे.

लुईस आणि शॉर्ट यांचा 1879 चा जाडजूड कोश उघडावा तर डोळेच फिरतात. ओझं वाहायचं ते फेर्रे, दुःख सोसायचं तेही फेर्रे. झाडानं फळ धरणं, बाईला दिवस असणं, वाट कुठेतरी जाणं, मत देणं, कायदा मांडणं, मदत करणं, सगळ्याला एकच शब्द. तुम्ही कोश बाजूला ठेवायला लावलात आणि म्हणालात, “ताई, अर्थ राहू द्या. आधी बघा, ओझं कसलं आहे आणि ते कोण वाहतंय.”

एवढ्यानं निम्मं काम झालं. ओझं ‘लेगेम’, म्हणजे कायदा, असेल तर तो रोमन लोकांच्या सभेपुढे नेलाय. रोममध्ये कायदा मांडणारा अधिकारी तो लोकांपुढे ‘नेत’ असे, मंजूर करणं त्यांच्या हातात. ओझं ‘ओपेम’ असेल तर कुणीतरी मदत घेऊन धावलंय. सोबत ‘ऐग्रे’ आलं की ते जड जातंय, म्हणजे माणसाला वाईट वाटलंय. ‘ऐक्वो आनिमो’ आलं की तेच ओझं त्यानं मन स्थिर ठेवून पेललंय. आणि नुसतंच ‘फेरुन्त’ आलं तर? तिथे मी अडले होते. तुम्ही हसून म्हणालात, “हे तर आपलं ‘म्हणे’!” गोष्ट या तोंडातून त्या तोंडात लोक वाहून नेतात, कुणी नेली ते विचारायचं नाही. लॅटिन लेखकाला खात्री नसली की तो ‘फेरुन्त’ म्हणून मोकळा होतो, आणि आपल्या आज्या ‘म्हणे’ म्हणून.

मग फेर्रेची ती तीन रूपं. वर्तमानात फेरो, भूतकाळात तुली, कृदन्तात लातुम. एकाचा दुसऱ्याशी काही मेळ? मी कुरकुरले, तेव्हा तुम्ही फक्त एवढंच विचारलंत: “जातो, मग गेला. येतो, मग आला. हे तुम्हाला कुणी पाठ करायला लावलं होतं का?” खरंच की! ‘जा’ एका धातूतून आलं, ‘गेला’ दुसऱ्यातून, आणि चार वर्षांचं पोरही ते बिनचूक बोलतं.

शाळेतलं संस्कृत इथे कामाला आलं. भ्राता तसा फ्रातेर, भरामि तसा फेरो. शब्दाच्या सुरुवातीचा मूळचा ‘भ’ लॅटिनमध्ये ‘फ’ झाला. तुली निघतं उचलण्याच्या धातूतून, त्याच घरातली आपली तुला. लातुमही तिथलंच, त्याच्या आरंभीचा ‘त’ तेवढा झिजून गेला. म्हणजे नातं असायचं ते तुली आणि लातुमचं, फेरो परका. पुढचं तुम्ही मिस्सेतल्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेतल्या, ओळीवरून दाखवलंत: ‘आन्युस देई, क्वी तोल्लिस पेक्काता मुंदी’. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या, म्हणजे 1962 ते 65 च्या, आधीपासून तुम्ही म्हणत आलेली ओळ. जगाची पापं ‘उचलणारा’ तो कोकरा, आणि ते ‘तोल्लिस’ तुलीचं सख्खं भावंड. तुली हे रूप फेरोनं नेल्यावर बिचाऱ्या तोल्लोवर उपसर्ग जोडून ‘सुस्तुली’ म्हणायची वेळ आली. तुम्ही हे सांगताना चर्चचे उच्चार करत होतात, मी पुस्तकातले. रोमन वक्ता सिसेरो, त्याला तुम्ही चिचेरो म्हणायचात, मी किकेरो. त्या भांडणाचा निकाल अजून लागलेला नाही.

पण ज्यासाठी हे पत्र लिहितेय ती गोष्ट हिशोबाची.

तुमच्या चर्चचं खातं आमच्या बँकेच्या शाखेत होतं, म्हणून माझी निम्मी हयात जमा-नावे करण्यात गेली हे तुम्हाला माहीत होतं. तेवढं लक्षात ठेवून तुम्ही सिसेरोचं रोस्कियुस नटाच्या बाजूचं भाषण माझ्यापुढे ठेवलंत. इ.स.पूर्व पहिल्या शतकातला खटला. फान्नियुस म्हणतो, रोस्कियुस माझे पैसे देणं लागतो. मग वही दाखव! तर त्याच्याकडे पक्की वही नाही, आहेत ती कच्ची टिपणं, ‘आद्वेर्सारिया’. सिसेरो त्याला सोलून काढतो: कच्ची टिपणं महिनाभराची असतात, वह्या कायमच्या, मग टिपणं घेऊन कोर्टात कोण येतं? रोजकीर्द आणि खतावणी ज्यानं आयुष्यभर हाताळली त्याला हे भाषण समजावून सांगावं लागत नाही. मी ते वाचताना चक्क मान डोलावत होते.

त्यात फेर्रे येतं ते असं. दिलेली रक्कम वहीत लिहिणं म्हणजे ‘एक्स्पेन्सुम फेर्रे’, कुणाच्या तरी नावे टाकणं. आलेली रक्कम लिहिणं म्हणजे ‘आक्केप्तुम फेर्रे’ किंवा ‘रेफेर्रे’, जमा करणं. आणि अशी नोंद झालेल्या कर्जाला रोमन माणूस म्हणे ‘नोमेन’, म्हणजे नाव! आम्ही बँकेत ‘नावे’ म्हणतो, तेही नावच. कोशात हा अर्थ कुठेतरी खाली, बारीक टायपात आहे. तुम्ही तो माझ्यासाठी उचलून वर आणलात, आणि त्या दिवसापासून फेर्रे माझ्या ओळखीचं झालं.

त्यानंतर सिसेरोचं इ.स.पूर्व 44 मधलं, रोमन सेनापती मार्क अँटनीविरुद्धचं दुसरं भाषण वाचलं. नीट हिशोब मांडला तर आपण पाहिलेल्या सगळ्या अनर्थांची रक्कम एकट्या अँटनीच्या खात्यावर जमा करू, असं सिसेरो त्यात म्हणतो. ‘आक्केप्ता रेफेरेमुस’. तेव्हा तुमची टिप्पणी ऐकायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. “शिव्या द्यायच्या तर अशा, व्हाउचरसकट.”

थोडंसं आभारांविषयी, कारण तेही याच क्रियापदात अडकलंय. लॅटिनमध्ये आभार तीन तऱ्हेचे. मनात वाटतात ते ‘ग्रातिआम हाबेरे’, तोंडानं मानतो ते ‘ग्रातिआस आगेरे’, आणि कृतीनं फेडतो ते ‘ग्रातिआम रेफेर्रे’, परत वाहून नेणं. इ.स.पूर्व 44 मध्येच लिहिलेल्या, मुलाला उद्देशून असलेल्या ‘कर्तव्यांविषयी’ या ग्रंथात सिसेरो म्हणतो की पैसे ज्याच्याकडे आहेत त्यानं ते फेडलेले नसतात, ज्यानं फेडले त्याच्याकडे ते उरत नाहीत. कृतज्ञतेचं तसं नाही. फेडली तरी ती आपल्याकडे राहते, आणि नुसती मनात असली तरी फेडल्यासारखीच. हे वाक्य सुरेख आहे, पण दुसरा भाग मला पटत नाही. नुसत्या मनात असलेल्या रकमेवर आमच्या कुठल्याही शाखेनं खातं बंद केलं नसतं.

म्हणून तिसऱ्या तऱ्हेची सोय केली आहे. फेर्रेला उपसर्ग लागून झालेली सगळी क्रियापदं, त्यांची तिन्ही रूपं आणि मराठी उदाहरणं एका वहीत लिहून काढली आहेत, नव्यानं शिकणाऱ्यांसाठी. ‘आउफेरो, आब्स्तुली, आब्लातुम’, म्हणजे दूर नेणं, याच्या पानावर पंचमी विभक्तीचं लॅटिन नाव ‘आब्लातीवुस’ त्यातूनच कसं आलं तेही आहे, आणि शेजारी पाणिनीचं अपादान, म्हणजे जिथून दूर व्हायचं ते दाखवणारं कारक. ‘एफ्फेरो’पुढे अंत्ययात्रेचा अर्थ दिलाय, उदाहरण मात्र सुचलेलं नाही. रविवारी मिस्सेनंतर वही घेऊन येते. लाल पेन तयार ठेवा, आणि चहा मी करेन.

तुमची नम्र,
बँकेतली ताई