काउंटरवरचा मोबाइल आणि पाहुण्यांचे आधार कार्ड

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याविषयी कोल्हापूरच्या व्यापाऱ्यांत जी चर्चा ऐकू येते, ती दंडाच्या २५० कोटी या आकड्यापाशी सुरू होते आणि बहुधा तिथेच थांबते. मी महाद्वार रोड परिसरात १४ खोल्यांचे यात्री निवास चालवतो. एवढा दंड भरण्यासाठी माझ्या सात पिढ्यांना खोल्या भाड्याने द्याव्या लागतील, तेव्हा तो आकडा मला खराच वाटत नाही. मला अस्वस्थ करतो तो आमच्या काउंटरवरचा एक साधा मोबाइल.

अंबाबाईच्या दर्शनाला आलेले कुटुंब पहाटे दारात उभे राहिले की ओळखपत्र पाहणे आणि नोंदवहीत नाव लिहिणे हे आमचे पहिले काम. पूर्वी आम्ही झेरॉक्स घेत असू. पुढे काउंटरवरच्या मुलाने स्वतःच्याच मोबाइलवर आधार कार्डाचे फोटो काढून ते आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायला सुरुवात केली आणि सोय होते म्हणून मीही त्याला अडवले नाही. दीड वर्षाने तो नोकरी सोडून पुण्याला गेला, तेव्हा त्याच्याबरोबर शेकडो पाहुण्यांची आधार कार्डेही गेली. फोन केल्यावर तो म्हणाला, “काका, सगळं डिलीट केलंय.” मुलगा प्रामाणिक आहे, पण त्याच्या शब्दाखेरीज माझ्याकडे दुसरा पुरावा नाही, आणि ग्रुपमधल्या आणखी चौघांच्या मोबाइलमध्ये तेच फोटो आपोआप साठत होते, हे तर मला त्यानंतर आठवड्याने सुचले.

हा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि व्यावसायिकांवरील मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायच्या आहेत. मुदत वाटते तेवढी लांब नाही, कारण बदलायच्या आहेत त्या सवयी. माहिती कशासाठी घेतो हे ग्राहकाला सोप्या भाषेत सांगावे, त्या कामापुरतीच घ्यावी, जपून ठेवावी आणि काम संपल्यावर, दुसऱ्या एखाद्या कायद्याने ती ठेवणे भाग नसेल तर, पुसून टाकावी, एवढे या कायद्याचे सार आहे. त्यात मला काहीच जाचक वाटत नाही. माहिती कशासाठी घेतो हे सांगणारी सूचना ग्राहकाने मागितल्यास राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, मिळाली पाहिजे.

काही गैरसमज मात्र दूर व्हायला हवेत. कागदावरच्या वहीला हा कायदा लागू नाही. तीच नोंद संगणकात गेली की लागू होतो. ग्राहकाने बिलाचा संदेश मिळावा म्हणून आपणहून मोबाइल क्रमांक दिला, तर तेवढ्यासाठी वेगळे संमतिपत्र लागत नाही. खुद्द कायद्यातच औषधाच्या दुकानाचे असे उदाहरण दिले आहे. चप्पल लाईनमधल्या दुकानदाराने बिल पाठवण्यासाठी घेतलेल्या त्याच क्रमांकावर दिवाळीच्या सवलतीचा संदेश धाडला, तर मात्र गोष्ट वेगळी. गुजरीतल्या सराफी पेढ्यांपासून राजारामपुरीतल्या कापड दुकानांपर्यंत सगळीकडे क्रमांक विचारण्याची रीत पडली आहे, आणि ती आपण सर्वांनी मिळून पाडली आहे. बुकिंगचे सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याकडून माहिती फुटली तरी कायद्यापुढे उत्तर द्यायचे ते व्यावसायिकानेच, हेही आमच्यापैकी अनेकांच्या गावी नाही.

खरी अडचण पुढे आहे. २५० कोटी ही सुरक्षिततेत कसूर झाल्यास होणाऱ्या दंडाची कमाल मर्यादा आहे आणि रक्कम ठरवताना कसुरीचे स्वरूप, गांभीर्य व कालावधी पाहिला जाईल असे कायदा म्हणतो. पण माहिती फुटल्याचे कळवण्याच्या बाबतीत लहान-मोठा असा भेद नाही. उद्या नवरात्रात, एकही खोली रिकामी नसताना, आमच्या मुलाचा मोबाइल रंकाळ्यावर हरवला, तर त्यात फोटो असलेल्या प्रत्येक पाहुण्याला आणि या कायद्याखालील डेटा संरक्षण मंडळाला विलंब न लावता कळवायचे आणि मंडळाला ७२ तासांत सविस्तर तपशील द्यायचा. चौदा खोल्यांचा मालक हे कसे करणार, याचे उत्तर मोठ्या कंपन्यांसाठी भरणाऱ्या इंग्रजी कार्यशाळांतून मिळत नाही.

यावर काही व्यावसायिक मित्र सवलतीची मागणी करू पाहतात. केंद्र सरकारला स्टार्टअपसह काही घटकांना निवडक तरतुदींतून वगळण्याचा अधिकार आहे, मग शिरोलीच्या फाउंड्रीला आणि आमच्या लॉजला का नाही, असे ते विचारतात. माझे मत वेगळे आहे. या सवलतीत माहिती पुसण्याच्या बंधनातूनही सूट मिळू शकते, आणि आम्हाला शिस्त हवी आहे ती नेमकी तिथेच. शिवाय दंडाची रक्कम भारताच्या संचित निधीत जमा होणार आहे; ज्याच्या आधारचा गैरवापर झाला त्याच्या हाती त्यातले काही पडणार नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ४३-अ नुसार मिळू शकणारी भरपाईची वाटही या कायद्याने बंद व्हायची आहे. मागण्याच करायच्या तर व्यापाऱ्यांनी आणि ग्राहकांनी मिळून ही वाट उघडी ठेवण्याची करावी.

आमच्या धंद्यापुरता गोंधळ जुनाच आहे. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या एका कार्यालयाने हॉटेलांनी आधारच्या प्रती घेऊ नयेत असे पत्रक काढले आणि दोनच दिवसांत ते मागे घेतले गेले. तपासणीला येणारे कर्मचारी कधी झेरॉक्सची फाईल मागतात, कधी नुसती वही पाहून समाधान मानतात. नोंद किती वर्षे ठेवायची, हे मला आजवर कोणी लेखी दिलेले नाही. तोंडी उत्तरे मात्र तीन मिळाली आणि तिन्ही वेगळी.

गेल्या काही महिन्यांपासून मी फोटो काढणे बंद केले आहे. कार्ड पाहायचे, नाव-गाव आणि क्रमांकाचे शेवटचे चार अंक वहीत लिहायचे आणि कार्ड परत द्यायचे. गंमत अशी की, त्यामुळे पाहुणेच बुचकळ्यात पडतात. जतहून आलेल्या एका आजोबांनी तर “झेरॉक्स घेत नाही म्हणजे लॉज अधिकृत आहे ना?” असे विचारून खिशातून स्वतःच तीन प्रती काढून काउंटरवर ठेवल्या.

माझी विनंती एवढीच आहे की, जिल्हा पोलीस प्रशासन, महानगरपालिका आणि शहरातील लॉज-यात्री निवास चालकांनी एकत्र बसून पाहुण्याची कोणती माहिती घ्यायची, ती किती काळ ठेवायची आणि काउंटरवर लावायची मराठी सूचना कशी असावी, हे एका पानावर लेखी ठरवावे. ते पान येत्या शारदीय नवरात्रापूर्वी हाती आले, तर मे २०२७ ची वाट न पाहता आम्ही ते दाराशी लावू.

आपला विश्वासू,
एक यात्री निवास चालक, कोल्हापूर