आईचे गुडघे आणि होंडा सिटीच्या पाच पिढ्या

तीर्थरूप आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

फोनवर गाडीचा विषय काढला की बाबा "बघूया की" म्हणतात आणि फोन आईच्या हातात जातो. म्हणून लिहून पाठवते आहे. लिहिलेलं बाबा दोनदा वाचतात, हे मला माहीत आहे.

येत्या ऑगस्टमध्ये आपल्या होंडा सिटी झेडएक्सच्या आरसीची मुदत संपते. २००६ मध्ये गाडी घरी आली, १५ वर्षं भरल्यावर २०२१ मध्ये निपाणीहून चिकोडीला जाऊन पासिंग करून घेतलं, ती पाच वर्षंही संपत आली. २० वर्षांवरच्या मोटारीची नोंदणी वाढवायची फी २०२५ पासून १०,००० रुपये झाली आहे. पण मी पैशासाठी लिहीत नाही. दिवाळीत जांबोटीला जाताना जे पाहिलं ते डोळ्यांसमोरून हलत नाही, म्हणून लिहिते.

त्या दिवशी झेडएक्स मेस्त्रीकडे होती आणि आपण मामाच्या मुलाच्या सिटीतून गेलो. त्याची २०१० ची, म्हणजे तिसऱ्या पिढीतली. आई, तू बसताना हसत बसलीस. जांबोटीत उतरताना मात्र एक हात दाराला, एक माझ्या खांद्याला, आणि तरी दोनदा मागे बसलीस. "मला उचलून काढायची पाळी आली की गं," म्हणालीस आणि लगेच विषय बदललास. बाबा, तुम्ही तेव्हा डिकीतून पिशव्या काढत होता, तुम्हाला दिसलं नाही. त्याच आईला आपल्या झेडएक्समधून उतरताना मी कधी कुणाचा हात धरताना पाहिलेलं नाही. नाव एकच, कंपनी एकच, मग असं का? या एका प्रश्नापायी गेले तीन महिने मी सुट्टीच्या दिवशी पुण्यात मिळेल त्या सिटीत बसून पाहते आहे. ऑफिसातल्या लोकांच्या, जुन्या गाड्यांच्या बाजारातल्या, शोरूममधल्या. तुम्हाला मी कुठलीही दुसरी गाडी सुचवणार नाही. बाबांचा जीव सिटीवर आहे, तर सिटीच. फक्त कुठली, एवढंच ठरवायचं आहे.

१९९८ ची पहिली सिटी सोडून देऊ. बाबा, आपल्या गल्लीतल्या तंबाखूच्या व्यापाऱ्याकडे तिचं व्हीटेक मॉडेल होतं, १०६ पीएस ताकदीचं. ती गाडी वळणावर आली की तुम्ही पेपर खाली ठेवायचा. तिचा आवाज मलाही आठवतो. पण ती बुटकी, जमिनीलगतची गाडी होती आणि आज तिचा विचार करण्यात अर्थ नाही.

आपली पिढी दुसरी. २००३ मध्ये आली, २००५ मध्ये थोडं रूप बदलून झेडएक्स झाली. तेव्हा पुष्कळांनी तिला नावं ठेवली होती. पहिल्या सिटीचा वेग गेला, पुढचं नाक आखूड, मागचा भाग उंच, अशी कशी ही गाडी, असं लोक म्हणायचे. इंजिन १.५ लिटरचं, पण ताकद फक्त ७७ पीएस. आता इतक्या गाड्यांत बसून आल्यावर मला वाटतं की त्या लोकांनी गाडी बाहेरून पाहिली. आत छप्पर उंच, सीट उंच, दार उघडलं की आई खुर्चीवर बसावी तशी सरळ बसते. पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली नेल्यामुळे मागे डिकीला जागा मिळाली. ते आय-डीएसआय इंजिन तर अ‍ॅव्हरेजसाठीच बांधलेलं होतं. एका सिलिंडरला दोन प्लग, चारांना मिळून आठ. पहिल्यांदा आपल्या मेस्त्रींनी बॉनेट उघडून "आठ प्लग?" असं विचारलं होतं आणि तुम्ही अभिमानानं मान हलवली होती. त्या दोन ठिणग्यांमुळे पेट्रोल नीट जळतं, हे तुम्ही मला कागदावर सिलिंडर काढून समजावलं होतंत. मी नववीत होते. इंजिनिअरिंगला जायचं मी त्या कागदावर ठरवलं, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही, आज सांगते.

आजीला रात्री बेळगावला नेलं ते त्याच गाडीतून, मागची सीट तिला पूर्ण देऊन. तवंदीच्या घाटात मी पहिल्यांदा स्टिअरिंग धरलं तेही तिचंच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं, मी पलीकडे अडकले, आणि रस्ता मोकळा झाल्याबरोबर तुम्ही कोल्हापुरात येऊन उभे होता. त्या गाडीबद्दल माझ्या मनात एकही वाकडा शब्द नाही. पण आपल्या मॉडेलमध्ये एअरबॅग नाही. आणि आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. १ जानेवारी २००९ नंतरच्या होंडा गाड्यांचे भाग या पेट्रोलला चालतात, असं कंपनीनंच सांगितलं आहे. आपली गाडी त्या तारखेच्या आधीची. रबरी नळ्या, सील यांची काळजी मेस्त्री घेतील, पण सौंदत्तीच्या वाटेवर एखादी नळी सुटली तर आईला उन्हात उभं राहावं लागेल.

तिसरी पिढी २००८ च्या शेवटी आली. दिसायला आजही देखणी, बाणासारखी. इंजिन ११८ पीएसचं, हायवेवर पळते म्हणजे पळते. आली तेव्हाच सगळ्या मॉडेलांत दोन एअरबॅग आणि एबीएस होतं, त्या काळी ही मोठी गोष्ट होती. पण तो बाणाचा आकार यायचा तर छप्पर खाली आणावं लागतं आणि छप्पर खाली आलं की सीटही खाली जाते. जमिनीपासून पोटापर्यंत उंची १६० मिलिमीटर. पाच माणसं आणि आदमापूरचा प्रसाद भरून अमावास्येहून परत येताना प्रत्येक स्पीडब्रेकर तिरका घ्यावा लागेल. शिवाय त्या वर्षांतली कुठलीही जुनी गाडी घेताना तकाता कंपनीची, सदोष म्हणून परत मागवलेली एअरबॅग बदलून घेतली आहे का, हे चासी नंबर टाकून पाहायलाच हवं. ज्याचे गुडघे तिशीतले आहेत त्यानं ती खुशाल घ्यावी. आईसाठी नाही.

आता सगळ्यात नवी, म्हणजे पाचवी. जुलै २०२० ची. मी तिच्यात बसले आणि खरं सांगते, अर्धा तास उतरावंसं वाटलं नाही. आतून शांत, मागे पाय पसरायला भरपूर जागा. डावा इंडिकेटर दिला की डाव्या बाजूचं चित्र समोर पडद्यावर दिसतं. २०२३ मध्ये तिच्यात बदल झाले, तेव्हा बहुतेक मॉडेलांत समोरच्या गाडीचा अंदाज घेऊन स्वतः ब्रेक लावणारी यंत्रणा आली आणि डिझेल बंद झालं. हायब्रीडही आहे. कागदावर लिटरला २७.१३ किलोमीटर, पण बॅटरीमुळे डिकी ५०६ लिटरवरून ३०६ वर येते. आईची जांबोटीची तांदळाची पोती कुठे ठेवायची?

मी तीच घ्या म्हणणार होते. मग घरी आले तेव्हा टेप घेऊन आपल्या वाड्याचं फाटक मोजलं. आई, तू विचारलंस काय मोजतेस, मी काही बोलले नाही. पाचव्या पिढीची रुंदी १,७४८ मिलिमीटर, चौथीची १,६९५. फरक पाच सेंटीमीटरचा. पुण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये तो जाणवतही नाही. आपल्या गल्लीत समोरच्यांचा कट्टा आणि आपलं फाटक यांच्यामध्ये गाडी वळवताना बाबा आजच आरसा मिटून घेतात. लांबीही दहा सेंटीमीटरहून जास्त वाढली आहे. संध्याकाळी उजेड कमी झाल्यावर, मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं असताना, रोज हे करायचं? शिवाय कर. १० ते २० लाखांच्या गाडीला कर्नाटकात लाईफटाईम टॅक्स १७ टक्के आणि वर उपकर, महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला १२ टक्के. १५ लाख धरले तर उपकर सोडूनच ७५,००० चा फरक.

"मग तुझ्या नावावर पुण्यात घेऊ," असं बाबांच्या मनात येईल, म्हणून तेही बोलते. एमएचची गाडी निपाणीत किती घरांसमोर उभी असते ते मी लहानपणापासून पाहते. चाळीस किलोमीटरवर कोल्हापूर, अर्धे नातेवाईक तिकडे, त्यामुळे कुणाला वेगळं वाटत नाही. पण गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त दुसऱ्या राज्यात राहिली तर तिकडचा नंबर घ्यायला हवा, हा कायदा आहे. मग एनओसी आणा, कर्नाटकचा टॅक्स भरा, महाराष्ट्राचा परत मागा, त्यासाठी खेपा घाला. तपासणीला कुणी हात दाखवला की बाबांचा चेहरा उतरतो, चूक नसतानाही. मला तुमच्या वयाला तो ताण नको आहे. गाडी केए पासिंगचीच हवी.

म्हणून माझं मत चौथ्या पिढीवर येऊन थांबलं आहे. २०१४ च्या जानेवारीत आलेली, आणि त्यातही २०१७ मध्ये सुधारून आलेली, पेट्रोल, सीव्हीटी म्हणजे ऑटोमॅटिक. हिची उंची पुन्हा आपल्या झेडएक्सइतकी झाली, पोटाखाली १६५ मिलिमीटर. मी आईएवढीच उंच आहे, म्हणून गुडघ्यावर जोर न देता, हात न टेकता बसून-उतरून पाहिलं, दहा वेळा. तिसऱ्या पिढीत जमलं नाही ते इथे जमलं. झेडएक्सइतकं सहज नाही, हे कबूल करते, तिच्याइतकं सहज एकाही गाडीत जमलं नाही. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २,६०० मिलिमीटर, त्यामुळे मागे बसणाऱ्याला खड्डा कमी लागतो. डिकी ५१० लिटर. २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅप या सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेनं हीच पिढी दोन एअरबॅगसह आपटून पाहिली आणि पाचपैकी चार तारे दिले.

डिझेलचा मोह टाळा. सिटीला डिझेल इंजिन पहिल्यांदा याच पिढीत मिळालं आणि कागदावरचं २६ चं अ‍ॅव्हरेज बघून मनाला वाटेल. पण ते इंजिन आत ऐकू येतं, आणि बाबांची गाडी महिन्यातून दोनदा बेळगाव, एकदा कोल्हापूर, बाकी बाजार आणि अकोळचं शेत. एवढ्याला डिझेल कशाला?

राहिला सीव्हीटीचा प्रश्न. बाबा, तुम्ही म्हणता की ऑटोमॅटिक म्हणजे गाडी चालवणं नव्हे. तुमचा गिअर बदलायचा हात मी पाहिला आहे. आजी मागे झोपलेली असताना तिला दुसरा गिअर पडल्याचं कळायचं नाही. तसा हात माझा इतक्या वर्षांत झाला नाही. पण गेल्या वेळी संकेश्वरच्या गर्दीत क्लच दाबताना तुम्ही डावा पाय दोनदा चोळलात. मी शेजारीच बसले होते. पाय दुखतो हे तुम्ही आईलाही सांगितलेलं नाही, आता या पत्रातून तिला कळेल, त्याबद्दल रागवू नका. सीव्हीटीमध्ये गिअरचा झटकाच नाही. पट्टा आणि दोन पुली, त्यांचा व्यास बदलत जातो, म्हणजे हजार गिअर असल्यासारखं. तुम्हाला यंत्र आवडतं, तुम्ही एकदा समजून घेतलंत तर तुम्हालाच पटेल. जोरात दाबलं की इंजिन ओरडतं आणि गाडी मागून येते, तेवढी खोड आहे. हलक्या पायानं चालवणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला, ती कळणारही नाही.

बेळगावात टिळकवाडीत अशी एक गाडी आहे. २०१८ ची, केए-२२, एकाच मालकाची. त्यांच्याशी मी बोलले आहे. सर्व्हिसिंगचे कागद मागवले, सीव्हीटीचं तेल बदलल्याची नोंद त्यात आहे. विमा आणि टायरच्या तारखा मी तिथे पाहीन. बॉनेट उघडून जे पाहायचं ते तुम्ही पाहा, मेस्त्रींनाही बरोबर घेऊ.

येत्या शुक्रवारी रात्री मी निघते. सातारा ते कागल सहापदरीचं काम चालू आहे, त्यामुळे पोचायला उशीर होईल, जेवायला थांबू नका. शनिवारी सकाळी झेडएक्स काढू आणि बेळगावला जाऊ. बाबा, जाताना तुम्ही चालवा. त्या गाडीपाशी पोचल्यावर आधी आई बसेल, मागे एकदा, पुढे एकदा, आणि कुणाचा हात न धरता उतरेल. ती नाही म्हणाली तर चहा पिऊन परत येऊ, मी दुसरी शोधीन.

झेडएक्सचं काय करायचं ते ऑगस्टपर्यंत तुम्हीच ठरवा. मी त्यात पडणार नाही.

तुमची,
लेक

ता. क. आई, शनिवारी ती नवी जाड तळव्याची चप्पल घालू नकोस. रोजची घाल, म्हणजे उंचीचा अंदाज खरा येईल.